जागामालक प्रतिसाद देत नाहीत

मानपाड्याच्या मागे, एमआयडीसीच्या बाजूला नालंदा चाळ आहे. चाळीतून मुख्य रस्ता दिसतो, पण तिथपर्यंत जायला रस्ता नाही. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण आणि मधून एका माणसापुरती वाट. समोरून कोणी आलं तर एकाने कुंपणाला पाठ लावून उभं राहायचं. विकास आराखड्यात इथे नऊ मीटरचा रस्ता आहे, हे चाळीतल्या पोरांनाही पाठ होतं. तो का होत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बायजाबाई जागा सोडत नाही.

मीराबाई त्या वाटेवर घसरल्या तेव्हा त्यांच्या हातात दळणाचा डबा होता. डबा नाल्यात गेला आणि मनगट मोडलं. रिक्षा आत येत नव्हती. शेजारच्या दोघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेलं. खुर्चीत बसून आपण अशा लोकांसमोरून गेलो, याचीच मीराबाईंना दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटली होती.

त्यांचे पती सीताराम रोकडे चाळ समितीचे सचिव होते. रंगाच्या कंपनीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा आणि एकदा ठरवलं की न हलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी वाटेच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता तो त्यांनीच. ‘नालंदा चाळीचा रस्ता अडवणाऱ्या श्रीमती बायजाबाई गायकर यांचा जाहीर निषेध.’ तोवर गायकरांच्या पडीक शेताच्या कडेने रिक्षा कशीबशी आत यायची. फ्लेक्स लागला आणि आठवड्याभरात बायजाबाईंच्या मुलाने, नयनने, सिमेंटचे खांब रोवून तार ओढली.

मीराबाईंना प्लास्टर घालून आणलं त्या संध्याकाळी विहारात समितीची बैठक झाली. गायकरांच्या घरावर मोर्चा न्यायचा ठरलं. निवेदन लिहायचं काम सीतारामनी आपल्या मुलीला दिलं. प्रियांका माजिवड्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघायची.

“कडक लिही,” सीताराम म्हणाले. “लाखो रुपये मंजूर होऊन परत गेले, ते टाक.”

“किती लाख पप्पा?”

“लाखो लिही ना.”

“असं नाय चालत. आकडा टाकला तर कोणीतरी वाचेल तरी.”

तिने महापालिकेच्या वेबसाइटवरून गेल्या काही वर्षांची अंदाजपत्रकं उतरवून घेतली. शेकडो पानं, आणि अक्षर मुंगीएवढं. पण हिशेबाचे रकाने तिला नवे नव्हते. आधी काय ठरवलं, मग काय बदललं, शेवटी काय खर्च झालं. नालंदा चाळीचा रस्ता भूसंपादनाच्या पानावर सापडला. चार वर्षं ओळीने त्याच्यासाठी रक्कम धरलेली होती आणि चारही वर्षं खर्चाच्या रकान्यात शून्य होतं. मोबदला द्यायला पैसे तयार, आणि घ्यायला कोणी गेलंच नाही. बाई फारच हट्टी असली पाहिजे, असंच तिला वाटलं. निवेदनात हा तपशील जोरात बसला असता.

पण मंजूर मोबदला एखादा माणूस चार वर्षं का घेत नाही, हे तिला कळेना. जास्त हवा असेल तर तसं कुठेतरी लिहिलेलं असेल. तेही निवेदनात घालू, म्हणून तिने माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि रस्त्याची पूर्ण फाइल बघायला मागितली. सीतारामना तिने सांगितलं, मोर्चा महिनाभर थांबवा. ते कुरकुरले, पण बायकोच्या हाताचं प्लास्टर निघेपर्यंत त्यांनाही वेळ नव्हता.

उत्तर मुदतीत आलं. कार्यालयात येऊन फाइल पाहावी. प्रियांकाने रजा टाकली.

मालमत्ता विभागात ऐश्वर्या नावाची लिपिक होती. तिने खुर्ची दिली आणि फाइल टेबलावर ठेवली. “पहिला तास फी नाही मॅडम. जी पानं हवीत त्यांना खुणा करा, झेरॉक्स मी काढून देते.” त्यात उपकार नव्हते की कटकट नव्हती. ती परत आपल्या कॉम्प्युटरकडे वळली.

फाइल जाडजूड असेल असं प्रियांकाला वाटलं होतं. ती एका वहीएवढी होती. नकाशा, मोजणीचा कच्चा आराखडा, आणि नोटिसा. पहिली नोटीस श्री. गोविंदा गायकर यांच्या नावाने होती. सोबत परत आलेलं पाकीट टाचलेलं. पाकिटावर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘मालक मयत.’ पुढच्या वर्षीची नोटीस पुन्हा श्री. गोविंदा गायकर यांनाच. पाकिटावर वेगळ्या अक्षरात, ‘मयत. परत.’ तिसरं पाकीट उलटून बघताना तिचा हात थांबला. या पोस्टमनने कंटाळून जास्त लिहिलं होतं. ‘इसम मयत. पत्नी याच पत्त्यावर राहते.’

त्याच्या मागच्या पानावर कार्यालयाची टिप्पणी होती. जागामालकास वारंवार नोटीस देऊनही प्रतिसाद नाही. मालक सहकार्य करीत नसल्याने तरतूद पुढील वर्षी वर्ग करावी. खाली सही. त्याखाली दुसरी सही, त्याखाली तिसरी.

प्रियांकाने तिथेच बसून फोनवर सातबारा उघडला. गट क्रमांक नोटिशीतच होता. पानावर गोविंदा गायकरांचं नाव कंसात गेलेलं होतं आणि त्यांच्या जागी तिघांची नावं स्पष्ट लागली होती. पत्नी बायजा, मुलगा नयन, मुलगी उर्वी. वारसनोंद पहिल्या नोटिशीच्याही आधीची.

“हे तुम्ही बघितलेलं का कधी?” तिने ऐश्वर्याला फोन दाखवला.

ऐश्वर्याने पाकिटं बघितली, मग सातबारा बघितला. “मी इथे मे महिन्यात आले,” ती म्हणाली. मग पाकिटं उचलून, “ही तिन्ही पाकिटं पण घ्या. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढते.”

घरी येईपर्यंत प्रियांका काय सांगायचं ते जुळवत होती. सीताराम जेवून उठले तेव्हा तिने कागद ताटाच्या जागी मांडले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. शेवटच्या पाकिटाची झेरॉक्स दोनदा वाचली.

“मग ती बाई स्वतः जाऊन का नाही सांगत?” ते म्हणाले. “दोन वर्षं फ्लेक्स लागलाय तिच्या नावाचा. दिसत नव्हता?”

“विचारू ना तिलाच.”

“तू विचार. मी नाही जाणार.”

प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन मीराबाई ऐकत होत्या. “आपली खोली गोविंदभाऊंकडूनच घेतलेली,” त्या म्हणाल्या. “चावी बायजाबाईने दिली होती माझ्या हातात. तेव्हा रस्ता सोडतो बोलले होते दोघं.”

“तेच तर म्हणतो मी,” सीताराम म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

रविवारी सकाळी प्रियांका गायकरांच्या घरी गेली. शेताच्या पलीकडे दुमजली घर, खाली दोन भाडेकरू, अंगणात भाताच्या जागी आता गाड्या. नयन गाडी धूत होता. चाळीतली आहे म्हटल्यावर त्याने नळ बंद केला नाही.

“काय, परत बोर्ड लावायचाय?”

“नाही. हे दाखवायचंय. तुमच्या वडलांच्या नावाने आलेल्या नोटिसा आहेत.”

“कसल्या नोटिसा? आम्हाला कधी नोटीस आलीच नाय.”

“तेच दाखवायला आलेय.”

त्याने नळ बंद केला. बायजाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र शेतावरून हाका मारायची सवय असलेला. त्यांना वाचता येत नव्हतं. सून कृतिकाने एकेक कागद मोठ्याने वाचला. ‘मालक सहकार्य करीत नसल्याने’ इथपर्यंत आल्यावर बायजाबाईंनी सोललेले वाल बाजूला सारले.

“परत वाच.”

कृतिकाने परत वाचलं.

“मेल्याला कागद धाडतान आन बोलतान सहकार्य नाय,” बायजाबाई म्हणाल्या. “आन मी इथं बसलेली हाय. मना कोन इचारला?”

“तुम्ही ऑफिसात गेला नाहीत का आजी कधी?”

“नयन गेलेला. दोनदा.”

“फाइल वर गेलीय, बोलले,” नयन म्हणाला. “कुठे वर, ते कोणी सांगितलं नाय. मग बोर्ड लागला. मग मी पण बोललो, जाऊ दे, आता मरू दे रस्ता.”

बायजाबाई प्रियांकाकडे बघत होत्या. “तो बोर्ड कृतिकानं वाचून दाखवला मना. जल्मात पयल्यांदा माझा नाव बोर्डावर लागला, तो असा. बाजारात बाया इचारायच्या, तुमीच काय त्या? तू कोनाची?”

“सीताराम रोकड्यांची.”

नयनने कृतिकाकडे बघितलं. बायजाबाईंनी मान हलवली, जणू त्यांना तेच वाटलं होतं.

“मंग बाप का नाय आला?”

प्रियांकाने खरं ते सांगितलं. “त्यांना अवघड वाटतंय.”

“वाटू दे. मी जागेला कवा ‘नाय’ बोल्ली नाय, आज पन ‘नाय’ बोलत नाय. पन आदी माझा नाव जिथं लावला तिथंच खरा काय ते लिवा. मंग मी तुज्यासंगती कुटं पन येते.”

विहारात समिती पुन्हा बसली. प्रियांकाने कागद फिरवले. बहुतेकांनी वाचले, पण जाहीरपणे चूक कबूल करायला कोणी तयार होईना. त्र्यंबक नावाचे एक जुने रहिवासी होते, त्यांचा मुद्दा साधा होता. आधी तिने जागा द्यावी, मग आपण बोर्ड लावू. नाहीतर उद्या ती फिरली तर आपलंच हसं. दोघातिघांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, चूक महापालिकेची आहे, आपण कशाला माफी मागायची? आपल्याला जे सांगितलं ते आपण मानलं.

सीतारामनी हातातला कागद खाली ठेवला. “आपल्याला कोणी सांगितलेलं?” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे?”

“बायजाबाई जागा देत नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं? मी आठवतोय कधीचा. वॉर्ड ऑफिसातला तो साहेब बोललेला मला, जिन्यात. एवढंच. मी परत विचारलं नाही.”

ठराव झाला नाही. मतं अर्धी-अर्धी पडली आणि लोक घरी गेले.

दोन दिवसांनी सीतारामनी नाक्यावरच्या दुकानातून छोटा फ्लेक्स छापून आणला. मजकूर त्यांनी कोणाला दाखवला नव्हता, प्रियांकालाही नाही. जुन्या फ्लेक्सच्या चौकटीवरच त्यांनी तो तारेने बांधला. ‘याच जागी मी बायजाबाई गायकर यांच्यावर रस्ता अडवल्याचा आरोप केला होता. तो खोटा होता. महापालिकेने त्यांना कधीही नोटीस दिलेली नाही. कागद माझ्याकडे आहेत, कोणीही येऊन पाहावेत. हे चाळीचे म्हणणे नाही, माझे आहे. सीताराम रोकडे, खोली क्रमांक चौदा.’

त्र्यंबकांनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. कागद बघायला मात्र बरेच जण आले. पलीकडच्या गल्लीतलेही आले. मीराबाई एका हाताने चहा करून कंटाळल्या. नंतर त्यांनी सांगूनच टाकलं, कागद बघा, चहा नाही.

सीताराम गायकरांच्या घरी गेले ते त्यानंतर. प्रियांका सोबत गेली नव्हती. परत आल्यावर तिने विचारलं, काय बोलल्या?

“बोलली, बोर्डाची तार नीट बांध, वाऱ्याने पडेल.” सीताराम चप्पल काढता काढता म्हणाले. “आणि मीराला विचारलं तिने. पडली ते माहीत होतं तिला. खुर्चीतून नेलं तेव्हा बघत होती म्हणे गच्चीवरून. तार कापावी असं वाटलं, पण नयन घरी नव्हता.”



महिनाअखेरीस प्रभाग कार्यालयात नागरिकांच्या तक्रारींची बैठक होती. बायजाबाई कृतिकाला घेऊन आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. प्रियांका आणि सीताराम त्यांच्या मागे बसले. उपअभियंता नवे होते, चाळिशीचे, घाम पुसत एकेक तक्रार उरकत होते. नालंदा चाळीचं नाव आल्यावर त्यांनी समोरच्या यादीत बघितलं.

“भूसंपादन बाकी आहे. जागामालक प्रतिसाद देत नाहीत.”

प्रियांका उभी राहिली. “सर, जागामालकांचं नाव काय?”

“गोविंदा गायकर.”

“तुम्ही त्यांना भेटलात?”

“अहो मॅडम, ते भेटतच नाहीत ना. तीन नोटिसा झाल्या.”

बायजाबाई उठल्या. “नाय भेटनार सायेब. त्यांना जाऊन नऊ वर्सा झाली. मी त्यांची बाई. मी हितं हाय.”

मागे कोणीतरी हसलं. बायजाबाईंनी वळून बघितलं नाही. उपअभियंत्यांनी यादीतून मान वर केली. प्रियांकाने पुढे जाऊन पाकिटांच्या झेरॉक्स आणि सातबारा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला. लोकांची कुजबूज वाढली तरी घाई केली नाही.

“आजी, बसा तुम्ही,” ते म्हणाले. “हे आमच्याकडून चुकलंय. ही यादी मला जशी मिळाली तशी मी वाचली. तुमची तयारी आहे का जागा द्यायला?”

“कायद्याना जो भाव व्हील त्यो द्या. मना जास्ती नको आन कमी पन नको. आन आमाला इचारून मोजा. आमी घरात असताना.”

“पंधरा दिवसांत मोजणीला माणसं पाठवतो.”

पंधरा दिवसांत कोणी आलं नाही. नवीन नोटीस आली ती सव्वा महिन्याने, आणि तिच्यात उर्वीचं नाव राहिलं होतं, म्हणून ती परत करावी लागली. प्रियांका दर सोमवारी दुपारच्या सुट्टीत ऐश्वर्याला फोन करायची. ऐश्वर्या कधी उचलायची, कधी नाही, पण उचलला की फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे ते बरोबर सांगायची. उर्वी वर्तकनगरला राहायची. सहीसाठी ती दोनदा रजा टाकून आली आणि दुसऱ्या वेळी अधिकारीच रजेवर निघाले. त्या दिवशी नयन भडकला होता. कुंपण अजून उभंच होतं आणि चाळीतल्या काहींना वाटत होतं की त्र्यंबक म्हणत होते तेच खरं.

मोजणी झाली त्या सकाळी अर्धी चाळ बघायला उभी होती. मोजणीवाल्यांनी खुणा मारल्यावर नयनने स्वतः पक्कड आणून तार कापली. खांब काढायला चाळीतली पोरं धावली. बायजाबाई ओट्यावरूनच बघत होत्या. ताबा पावतीवर अंगठा द्यायच्या आधी त्यांनी कृतिकाकडून पूर्ण कागद वाचून घेतला. साहेब घड्याळ बघत होते, तरी.

प्रियांकाने मध्यंतरी आणखी एक अर्ज केला होता. मयत माणसाला पुन्हा पुन्हा नोटीस का पाठवली, आणि त्या टिप्पणीवर सह्या करणाऱ्यांवर काय कारवाई झाली? उत्तर आलं की ‘का’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. टिप्पणी लिहिणारे निवृत्त झाले आहेत, बाकी दोघे बदलून गेले आहेत, कारवाईची नोंद उपलब्ध नाही. ती अपिलात गेली. सुनावणीला सीतारामही आले होते. अपील अधिकारी बाई होत्या. त्यांनी तीन पाकिटं समोर घेतली, उलटून वाचली आणि प्रियांकाला म्हणाल्या, “शिक्षा करायचा अधिकार मला इथे नाही. मी एवढं करू शकते.” त्यांनी विभागाला लेखी सूचना दिली की यापुढे भूसंपादनाची नोटीस काढण्यापूर्वी चालू तारखेचा सातबारा फाइलला लावावा आणि परत आलेल्या पाकिटावरचा शेरा टिप्पणीत उतरवावा.

“बस, एवढंच?” बाहेर आल्यावर सीतारामनी विचारलं.

“एवढंच.”

तिला समाधान वाटत नव्हतं. तीन माणसांनी सह्या केल्या होत्या आणि त्यातल्या एकालाही कोणी समोर बसवून विचारलं नाही, हे तिला खुपत राहिलं. ऐश्वर्याने नंतर फोनवर सांगितलं की सूचनेप्रमाणे जुन्या फाइली काढून बघितल्या, तर आणखी चार रस्त्यांत मालक मयत निघाले. ते रस्ते कुठले, हे प्रियांकाने लिहून घेतलं.

पावसाळ्याआधी खडी पडली आणि दिवाळीच्या सुमाराला डांबर झालं. नाल्यावरची संरक्षक भिंत मात्र राहिली. तिचा पैसा वेगळ्या खात्यात होता. गायकरांना मोबदला मिळाला. नयनने त्यातून घरावर मजला चढवायला काढला आणि वाळूचे ट्रक नव्या रस्त्यानेच यायला लागले.

नाक्यावरच्या टपरीवर त्र्यंबक एकदा सीतारामना म्हणाले, “बघा, शेवटी फायदा झाला तो त्यांचाच. मजला चढतोय.”

“चढू दे,” सीताराम म्हणाले. “जागा त्यांची होती.”

त्र्यंबकांनी चहा संपवला आणि दोघांचे पैसे दिले. मीराबाई दळण घेऊन रिक्षाने चाळीकडे चालल्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवून सीतारामना विचारलं, येता का? पण त्यांना अजून बसायचं होतं.